वही परक्याच्या कपाटात, किल्लीही त्याच्याच खिशात!

ऑनलाइन सेवा बंद होते तेव्हा पेढीचे दफ्तर कसे हलवावे?

जुन्या पेढ्यांवर एक रिवाज होता. संध्याकाळी रोजमेळ जुळला की दिवाणजी कीर्द आणि खतावणी कापडात बांधून कपाटात ठेवीत आणि कपाटाची किल्ली शेठच्या हाती देत. दुकान भाड्याचे असे, गोदाम भाड्याचे असे, माल वाहणारी हातगाडीसुद्धा भाड्याची असे. परंतु वही कधी भाड्याची नसे. मालकाने दुकान रिकामे करायला सांगितले, तर व्यापारी सर्वात आधी वह्या उचलीत असे आणि मग माल.

आज हा रिवाज मोडला आहे, आणि तो कधी मोडला हे आपल्या लक्षातही आले नाही. भावाची विचारपूस, नमुन्याचे फोटो, ऑर्डर कायम केल्याचा निरोप, ‘पंधरा दिवसांत रक्कम पाठवतो’ हे वचन, माल खराब निघाल्याची तक्रार, हे सारे आता संगणकावर आणि मोबाइलवर होते. दहा-पंधरा माणसांच्या पेढीतही सर्वांनी मिळून काम करण्यासाठी एखादी ऑनलाइन सेवा घेतलेली असते. तिच्यात गप्पांच्या खोल्या असतात, फाइली असतात, कामांची यादी असते, तारखांची नोंद असते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण ज्या यंत्रात हे साठते ते यंत्र आपले नाही, ते ज्या देशात आहे तो देश आपला नाही आणि ते चालू ठेवायचे की बंद करायचे हा निर्णयही आपला नाही. एक दिवस सूचना येते की अमुक तारखेपासून ही सेवा बंद होत आहे. त्या दिवशी व्यापाऱ्याला कळते की वही परक्याच्या कपाटात होती आणि किल्लीही त्याच्याच खिशात होती.

अशा वेळी काय करावे, आणि अशी वेळ येण्यापूर्वी काय करून ठेवावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हिपचॅटचा धडा

कल्पित उदाहरण देण्याची गरज नाही. हिपचॅट नावाची सेवा एकेकाळी जगभरातील कार्यालयांत वापरली जात होती. २०१२ साली ती अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतली. २०१७ मध्ये त्याच कंपनीने स्ट्राइड नावाची नवी सेवा आणली आणि ग्राहकांना तिकडे येण्यास सांगितले. काही ग्राहक गेले, काही जाण्याच्या तयारीत होते. इतक्यात २६ जुलै २०१८ रोजी जाहीर झाले की हिपचॅट आणि स्ट्राइड या दोन्हींचे हक्क स्लॅक या प्रतिस्पर्धी कंपनीला विकले आहेत आणि १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दोन्ही सेवा बंद होतील. म्हणजे जे ग्राहक जुने घर सोडून नव्या घरात आले होते, त्यांना वर्षभरात तेही घर सोडावे लागले.

कंपनीने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. सूचना साडेसहा महिने आधी दिली होती आणि माहिती बाहेर काढण्याची सोयही होती. या सोयीला संगणकाच्या भाषेत ‘एक्सपोर्ट’ म्हणतात. आपल्याकडे एक्सपोर्ट म्हटले की जेबेल अलीला निघालेला कंटेनर डोळ्यांसमोर येतो. इथे त्याचा अर्थ एवढाच, की त्या सेवेत साठलेली आपली माहिती एका फाइलीत बांधून आपल्या हाती घेणे. ज्यांनी हे काम वेळेत केले, त्यांच्या जुन्या नोंदी नव्या ठिकाणी गेल्या. ज्यांनी ‘अजून वेळ आहे’ म्हणत दिवस काढले, त्यांच्यासाठी ठरल्या तारखेनंतर दार बंद झाले.

हे एकाच कंपनीचे घडले असेही नाही. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने कार्यालयांसाठी ‘वर्कप्लेस’ ही सेवा २०१६ साली सुरू केली होती. मे २०२४ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे फक्त वाचता येईल, नवे काही लिहिता येणार नाही आणि ३१ मे २०२६ नंतर सर्व माहिती पुसली जाईल, असे वेळापत्रक देण्यात आले. नाव कितीही मोठे असो, भाडेकरूला नोटीस येतेच.

एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या

सूचना आली की बहुतेकजण सर्वात सोपा मार्ग धरतात. बंद होणारी कंपनी ज्या दुसऱ्या सेवेचे नाव सुचवते तिकडे ते जातात. हिपचॅटच्या ग्राहकांना स्लॅककडे पाठवण्यात आले. पुढे २०२१ साली स्लॅक स्वतःच सेल्सफोर्स या कंपनीच्या मालकीची झाली. सप्टेंबर २०२२ पासून तिच्या मोफत योजनेत फक्त शेवटच्या ९० दिवसांचे संदेश दिसू लागले आणि २०२४ पासून मोफत योजनेतील एका वर्षापेक्षा जुने संदेश पुसण्यास सुरुवात झाली. सेवा चालू आहे, दुकान उघडे आहे, फक्त जुनी वही गायब! तेव्हा सेवा बंद पडली तरच धोका आहे असे समजू नये. अटी बदलल्या तरी वही जाते.

याच अनुभवातून काही लोकांनी दुसरा मार्ग काढला. अमेरिकेत स्पिनपंच नावाची खेळ बनवणारी एक छोटी कंपनी होती. ती आपल्या कामासाठी एक ऑनलाइन संदेशसेवा वापरीत असे. ती सेवा एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि तिची अवस्था बिघडत गेली. स्पिनपंचने सोडून जायचे ठरवले, तेव्हा कळले की आपलीच माहिती बाहेर काढता येत नाही आणि वर्गणी थांबवली तर आपल्याच जुन्या नोंदी वाचताही येत नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःसाठी संदेशांचे सॉफ्टवेअर तयार केले आणि २०१५ साली ते ‘मॅटरमोस्ट’ या नावाने सर्वांसाठी खुले केले. पुढे त्यांचा धंदाच तो झाला.

झुलिप या सॉफ्टवेअरची हकिकतही अशीच आहे. २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनीने ते विकत घेतले आणि ते मागे पडले. पण २०१५ मध्ये त्याची संपूर्ण संहिता, म्हणजे ज्या लेखी आज्ञांवर सॉफ्टवेअर चालते त्या आज्ञा, खुल्या परवान्याने प्रसिद्ध करण्यात आल्या, आणि झुलिप पुन्हा उभे राहिले. हिपचॅट बंद होऊ लागले तेव्हा मॅटरमोस्ट, झुलिप आणि रॉकेट.चॅट या तिन्हींनी हिपचॅटची फाइल आपल्यात उतरवून घेण्याची सोय केली होती. ही सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या संगणकावर किंवा आपल्या नावाने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवता येतात. फाइली, दिनदर्शिका आणि पत्ते यांसाठी नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर २०१६ पासून उपलब्ध आहे. यालाच ‘सेल्फ होस्टेड’ म्हणजे स्वतःच्या घरी ठेवलेली व्यवस्था असे म्हणतात.

नुसते घर आपले असून भागत नाही

परंतु येथे एक सावधगिरी हवी. सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर आहे म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे नाही. अ‍ॅटलासियनचीच ‘सर्व्हर’ नावाची उत्पादने हजारो कार्यालयांनी स्वतःच्या यंत्रांवर बसवली होती. कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचा आधार काढून घेतला. यंत्र आपले, पण दुरुस्ती करणारा निघून गेला आणि दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करण्याचा हक्क नाही. म्हणून सॉफ्टवेअर घेताना त्याची संहिता खुली आहे का, हे पाहावे.

आणि संहिता खुली असली तरी तिच्यामागे काम करणारी माणसे हवीत. याचे सर्वात बोलके उदाहरण गूगलच्या दोन सेवांमध्ये सापडते. गूगल वेव्ह ही सेवा २००९ साली मोठ्या थाटात जाहीर झाली. पत्रव्यवहार, गप्पा आणि दस्तऐवज एकाच पानावर, अशी ती कल्पना होती. याच सुमारास, डिसेंबर २००९ मध्ये, गूगलने इथरपॅड ही छोटी सेवा विकत घेतली. इथरपॅडवर अनेकजण एकाच वेळी एकच मजकूर लिहू शकत. त्याच्या निर्मात्यांनी वेव्हसाठी काम करावे आणि इथरपॅड बंद करावे असे ठरले. वापरणाऱ्यांनी मोठी ओरड केली. तेव्हा त्याच महिन्यात इथरपॅडची संहिता खुली करण्यात आली. मूळ सेवा २०१० साली बंद झाली, पण लोकांनी ती संहिता घेऊन आपापल्या यंत्रांवर इथरपॅड सुरू केले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेनेही आपल्या कामासाठी स्वतःचे इथरपॅड उभे केले. २०११ मध्ये त्याची हलकी, नव्याने लिहिलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यावर काम होत राहिले.

वेव्हचे काय झाले? ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने ती थांबवण्याचे जाहीर केले. ३१ जानेवारी २०१२ पासून ती फक्त वाचण्यापुरती उरली आणि ३० एप्रिल २०१२ रोजी बंद झाली. वेव्हचीही संहिता खुली करून अपाची या संस्थेकडे सोपवण्यात आली होती. पण तिच्यामागे पुरेशी माणसे उभी राहिली नाहीत आणि २०१८ साली ते कामही गुंडाळण्यात आले. म्हणजे ज्या सेवेसाठी इथरपॅडचा बळी द्यायचा होता ती दोनदा मेली आणि ज्याचा बळी द्यायचा होता ते जगले!

आणखी एक गोष्ट. वेव्ह बंद होताना गूगलने सांगितले की आपली एकेक नोंद पीडीएफ करून उतरवून घ्या. पीडीएफ हा वहीचा फोटो आहे, वही नव्हे. तो वाचता येतो, पण त्याची बेरीज करता येत नाही आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या वहीत उतरवता येत नाही. नवी सेवा घेताना पहिल्याच दिवशी विचारावे, ‘आमची माहिती बाहेर कोणत्या रूपात देता?’ सीएसव्ही किंवा जेएसओएन असे उत्तर आले तर ते उत्तम, कारण ही साधी अक्षरे असलेली रूपे आहेत आणि कोणतेही दुसरे सॉफ्टवेअर ती वाचू शकते. उत्तर फक्त पीडीएफ असेल तर सावध राहावे.

दफ्तर हलवण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, दहा-बारा माणसांची एक पेढी आहे आणि तिच्या सेवेला नोटीस आली आहे.

पहिले काम म्हणजे यादी. त्या सेवेत आपले काय काय आहे? माणसांची नावे, गप्पांच्या खोल्या, खाजगी संभाषणे, फाइली, कामांच्या याद्या, तारखा. बहुतेकांना संदेश तेवढे आठवतात. परंतु बिलाचा फोटो, सही केलेला करार, मालाच्या चाचणीचा दाखला या जोडलेल्या फाइली विसरल्या जातात, आणि खरा ऐवज तोच असतो. काही सेवांच्या एक्सपोर्टमध्ये फाइली येतच नाहीत, फक्त त्यांचे दुवे येतात. स्लॅकच्या नेहमीच्या एक्सपोर्टमध्ये असेच होते. दुवा म्हणजे ‘ती फाइल अमुक कपाटात आहे’ अशी चिठ्ठी. कपाटच उचलून नेले तर चिठ्ठीचा काय उपयोग? म्हणून खाते चालू असतानाच त्या दुव्यांवरून प्रत्येक फाइल उतरवून घेतली पाहिजे.

दुसरे काम म्हणजे लवकर हात घालणे. पहिला एक्सपोर्ट सूचना आली त्याच आठवड्यात करावा. तो चाचणीचा. त्याच्यावर सराव करावा, चुका कराव्यात, शिकावे. शेवटचा एक्सपोर्ट हलण्याच्या दिवशी करावा. दोन्हींच्या प्रती जपून ठेवाव्यात. फाइलीला परवलीचा शब्द लावलेला असेल, तर तो शब्द एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. हिपचॅटची फाइल अशीच कुलूपबंद येत असे. शब्द विसरला की फाइल असून नसल्यासारखी.

तिसरे काम म्हणजे मेळ घालणे, आणि येथे आपल्या जुन्या दिवाणजींची शिस्त कामी येते. जुन्या ठिकाणी एका खोलीत किती संदेश होते, नव्या ठिकाणी किती आले? किती फाइली होत्या, किती उघडतात? मग कोणतेही दहा जुने व्यवहार निवडावेत आणि नाव, तारीख, रक्कम, जोडलेले कागद हे सर्व दोन्हीकडे ताडून पाहावे. एकही चुकला तर काम पुढे नेऊ नये.

तारखेचा घोटाळा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुष्कळ सेवा वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. आपले घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. रमजानमध्ये बाजार मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतो. समजा, १ एप्रिलच्या रात्री दोन वाजता कोणी ऑर्डर कायम केली. जागतिक वेळेनुसार ती ३१ मार्चच्या रात्री साडेआठची ठरेल. सॉफ्टवेअरने वेळ बदलून घेतली नाही, तर त्या ऑर्डरचे आर्थिक वर्षच बदलेल! दुबईचे घड्याळ चार तास पुढे आहे. तेव्हा तिकडच्या भागीदाराच्या नोंदी ताडताना हेही ध्यानात घ्यावे.

चौथा घोटाळा अक्षरांचा व आकड्यांचा. मराठी आणि उर्दू मजकूर असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर कित्येकदा अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते. फाइल आत घेताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की अक्षरे नीट दिसतात. पण कोणी घाबरून ती बिघडलेली फाइल तशीच जतन केली, तर मात्र नुकसान पक्के होते. तसेच शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातील शून्य एक्सेल गाळून टाकते, पंधरा अंकांपेक्षा मोठ्या क्रमांकाचे पुढचे अंक शून्य करते, आणि दिवस-महिन्याची अदलाबदल करते. म्हणून मूळ फाइलीला हात लावू नये. जे काही करायचे ते तिच्या प्रतीवर करावे.

पाचवी गोष्ट माणसांची. परवलीचे शब्द जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी सहसा येत नाहीत. प्रत्येकाला नवा शब्द घ्यावा लागतो. नोकरी सोडून गेलेल्यांची नावे काढून टाकू नयेत. खाते बंद ठेवावे, पण नाव राहू द्यावे. नाहीतर ‘हा भाव कोणी कबूल केला?’ या प्रश्नाला उत्तर उरणार नाही. आणि कामगारांची आपसातील खाजगी संभाषणे उचलताना आधी त्यांना सांगावे. मालकाच्या हाती चावी आली म्हणून दुसऱ्याचे खाजगी बोलणे वाचण्याचा हक्क मिळत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्यांचे दोष हुडकत फिरण्यास स्पष्ट मनाई आहे. ज्या संभाषणांची व्यवहाराला गरज नाही ती ज्याची त्याला देऊन टाकावीत.

शेवटी, काही दिवस दोन्ही वह्या समोर ठेवाव्यात. जुन्या ठिकाणी फक्त वाचावे, नव्या ठिकाणी लिहावे. सर्वांची खात्री पटली की मगच जुन्या सेवेची वर्गणी थांबवावी.

स्वतःच्या घराची जबाबदारी

स्वतःच्या घरात आलो म्हणजे घरपट्टी, दुरुस्ती आणि पहारा आपल्या माथी आला. हे न सांगता नुसते ‘मोफत सॉफ्टवेअर’ म्हणून सांगणे ही फसवणूक ठरेल. यंत्राचा खर्च फार नाही. शंभरपेक्षा कमी माणसांसाठी झुलिप चालवायला किमान २ जीबी रॅमचे यंत्र लागते, असे त्याचे निर्माते सांगतात. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्या लागतात, नाहीतर चोराला दार उघडे राहते. हे काम जाणणारा माणूस एकच असेल आणि तोच उद्या आखातात नोकरीला गेला तर पेढी अडते. म्हणून दोघांना तरी काम शिकवावे आणि सर्व कृती कागदावर लिहून ठेवावी. काही सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत सर्व सोयी नसतात आणि अटीही बदलतात, त्या वाचून घ्याव्यात.

सर्वात महत्त्वाची गोष्ट प्रतींची, म्हणजे बॅकअपची. या क्षेत्रात एक सोपा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. दुसरी जागा कशासाठी, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराच्या कितीतरी भागांत तळमजले पाण्याखाली गेले. यंत्र आणि त्याची प्रत एकाच गाळ्यात ठेवली असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. परदेशातही तेच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतीला आग लागली. ज्या ग्राहकांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, किंवा होती तीही त्याच आगीत सापडली, त्यांची माहिती कायमची गेली.

प्रत घेताना सर्व भाग घ्यावेत. अशा सॉफ्टवेअरमध्ये संदेश एका ठिकाणी, म्हणजे डेटाबेसमध्ये असतात. जोडलेल्या फाइली दुसऱ्या ठिकाणी असतात, आणि मांडणीची फाइल व गुप्त किल्ल्या तिसऱ्या ठिकाणी. फक्त फाइलींची प्रत घेऊन निश्चिंत झोपणारे पुष्कळ आहेत. आणि घेतलेली प्रत परत उघडून पाहावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक क्षेत्रातल्याच कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. प्रती घेण्याच्या पाच व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी एकीचाही भरवसा धरता आला नाही. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी वाचली. जाणकारांचे असे होते, तर आपण महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहण्याचा कंटाळा का करावा?

हे सर्व वाचून एखादा म्हणेल, ‘माझे दोन माणसांचे दुकान, मला हे कसे जमणार?’ त्याला जमवण्याची गरजही नाही. त्याने भाड्याचीच सेवा वापरावी. फक्त दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या माहितीची फाइल उतरवून घरच्या डिस्कवर ठेवावी आणि ती उघडते का ते पाहावे. दुकान भाड्याचे असू द्या, वहीची प्रत घरी असू द्या. लेखाचे सार एवढेच आहे.

कायदा काय म्हणतो?

कायदाही वहीला हलके मानत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपन्यांनी त्या आठ वर्षे ठेवायच्या असतात. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार, ज्या कंपन्या हिशेब संगणकावर ठेवतात, त्यांच्या वह्या भारतात सर्व काळ पाहता आल्या पाहिजेत आणि त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवली गेली पाहिजे. बिले आणि करार एखाद्या ऑनलाइन सेवेतच पडून असतील आणि ती सेवा बंद झाली, तर अधिकाऱ्यासमोर ‘ती कंपनीच गेली’ हे उत्तर चालणार नाही. आपल्या पेढीला कोणता नियम लागू आहे, हे आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्यावे.

ही अमानत आहे

सरकारच्या कायद्यापेक्षाही मोठी जबाबदारी आपल्यावर आहे. कुरआनमधील सर्वात लांब आयत ही सूरह बकराची २८२ वी आयत आहे, आणि ती नमाज किंवा रोजाविषयी नाही, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. लिहून ठेवण्याचा हुकूम आहे तिथे लिहिलेले जपण्याची जबाबदारी ओघानेच आली. जे लेखन ऐन गरजेच्या दिवशी समोर आणता येत नाही, ते न लिहिल्यासारखेच.

विचार करावा. जकातीचा हिशेब करताना येणे किती, देणे किती, हे कोठून काढणार? भागीदारीत मतभेद झाला तर कोणत्या नोंदीवर निवाडा होणार? जमातीच्या किंवा मदरशाच्या कमिटीने रमजानमधील देणग्यांच्या नोंदी एखाद्या मोफत सेवेत ठेवल्या असतील आणि ती सेवा बंद झाली, तर देणाऱ्यांना काय सांगणार? आणि सर्वात गंभीर बाब म्हणजे मरणोत्तर. शरीअतप्रमाणे मयताचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांत वाटणी होत नाही. पूर्वी मुलगा बापाची खतावणी उघडून पाहत असे. आज बाप गेला, मोबाइलला कुलूप आहे, सेवेचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही आणि नोंदी सात समुद्रांपलीकडच्या यंत्रात. अशा वेळी कर्ज कोणाचे आणि किती, हे कसे कळणार? ज्याचे पैसे बुडाले तो कोणाकडे जाणार? कर्जाचा बोजा तर मयताच्या मानेवर राहिला.

म्हणून वाचक बंधूंना विनंती आहे की नोटीस येण्याची वाट पाहू नये. या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी. आपल्या नोंदी कोणकोणत्या सेवांत आहेत, त्यांची यादी कागदावर करावी. त्यातील प्रत्येकीतून फाइल उतरवता येते का ते पाहावे, एकदा उतरवून घ्यावी आणि उघडून दहा नोंदी ताडाव्यात. ती यादी आणि त्या फाइलींचा ठावठिकाणा घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावा. पूर्वी कपाटाची किल्ली रोज संध्याकाळी शेठच्या हाती येत असे. ती किल्ली आज कोणाच्या हाती आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.